आण्णांच्या फोटोतला हात

माझी आई वाशीच्या मसाला मार्केटात मिरचीचे देठ खुडायची. दिवसभर. घरी आली की हातांची इतकी आग व्हायची की परातीत ताक ओतून त्यात हात बुडवून बसायची. आम्ही पोरं रडलो तर ती आमचे डोळे कोपरानं पुसायची, बोटं लावायची सोय नव्हती. वडील – आम्ही त्यांना आण्णा म्हणतो – त्याच मार्केटात माथाडी. पाठीवरून पोती वाहायची. मूळ आम्ही साताऱ्याकडचे. राहायला बोनकोडे गावात, एका आगरी मालकाच्या चाळीत एक खोली, माणसं पाच. बल्ब मोरीच्या तोंडाशी होता म्हणून दहावीचा अभ्यास मी मोरीच्या कट्ट्यावर बसून केलाय.

हे आधी सांगतोय कारण मी कुठल्या घरातून आलो ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्यात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिला. अंगारे, उतारे, बाहेरची बाधा... आमच्या चाळीत याचा सुकाळ होता आणि मी प्रत्येकाशी भांडायचो. आजही भांडतो. या ग्रुपवर येणारे भुताखेतांचे अनुभव वाचतो तेव्हा निम्म्या वेळा मला हसू येतं, रागावू नका. माझ्यावर हसायचं असेल तर तुम्हीही हसा. पण माझा उजवा हात बघून मग हसा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा काळ. मी टी.वाय.बी.कॉम.ला होतो. सकाळी कॉलेज, आणि कॉलेज सुटलं की कोपरखैरण्याला नझीरभाईंच्या डीटीपीच्या दुकानात काम. नझीरभाई उरणकडचे, कोकणी मुसलमान, पन्नाशीचे. आधी स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापायचे. नुकताच त्यांनी पेंटियम कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला होता. स्कॅनरवर त्यांच्या बायकोनं विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं. ते काढल्याशिवाय स्कॅनरला हात लावायचा नाही, हा नियम.

माझं मुख्य काम म्हणजे पांढरं काढणं. दुकानात आम्ही त्याला तसंच म्हणायचो. माणसाचा फोटो पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला असतो, तो स्कॅन करायचा, फोटोशॉपमध्ये उघडायचा, मॅजिक वॉन्ड घेऊन पांढऱ्यावर क्लिक करायचं, सगळं पांढरं सिलेक्ट होतं, डिलीट दाबलं की पांढऱ्याच्या जागी करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी येतात. म्हणजे तिथं काही नाही. मग तो माणूस उचलून कुठंही ठेवा... देवळासमोर ठेवा, नाहीतर ताजमहालासमोर. त्यात टॉलरन्स म्हणून एक आकडा असतो. किती पांढऱ्याला पांढरं धरायचं ते त्यावर ठरतं. आकडा जास्त ठेवला की काम भराभर होतं, पण माणसाच्या अंगावरचं पांढरंही खाल्लं जातं. आणि तेव्हा अनडू एकदाच व्हायचं. एक पाऊल मागं, बस्स.

आण्णांच्या टोळीला कॅलेंडर छापायचं होतं. टोळी म्हणजे एका मुकादमाच्या हाताखाली मिळून माल उतरवणारी माणसं. दरवर्षी ही टोळी कॅलेंडर काढून गावाकडं घरोघर वाटायची. मध्यभागी गावच्या भैरोबाचं देऊळ, मागं डोंगर, आणि भोवती टोळीतल्या प्रत्येकाचा फोटो. त्या वर्षी पहिल्यांदा ते कॉम्प्युटरवर करायचं ठरलं आणि आण्णांनी छाती पुढं काढून सांगितलं, "आमचा विलास करतोय की! कालेजात हाय त्यो."

फोटो मार्केटातच काढले. टोळीच्या सत्यनारायणाचा दिवस होता, त्यामुळं सगळे पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून आलेले. आणि मागं कापड लावलं तेही पांढरंच – पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये चादर ताणून बांधली. पांढऱ्यावर पांढरं! मी म्हटलं, "मुकादम, निळी चादर नाही का कुणाकडं?"

हिंदुराव मुकादम म्हणजे दांडगा माणूस. आवाज अख्ख्या गाळ्याला ऐकू जायचा. ते म्हणाले, "निळी? पोलीस स्टेशनात फोटू काढतोय व्हय आमचा? पांढरीच असूदे. आन हूक खांद्यावर घ्या रं समद्यांनी. न्हायतर गावाकडं म्हणतील हे तलाठी झाले का काय!"

तो हूक म्हणजे पोत्यात रुतवून पोतं ओढायचा लोखंडी आकडा. माथाड्याच्या हातात तो कायम असतो. प्रत्येकानं उजव्या मुठीत हूक धरून खांद्याला लावला आणि नझीरभाईंनी फ्लॅश मारून फोटो काढले.

आण्णांचा फोटो मी सगळ्यात आधी केला. टॉलरन्स अगदी कमी ठेवून, जपून, कडेकडेनं. बाप होता माझा. बाकीचे मात्र भराभर उरकले, आकडा वाढवून. मुकादमांचा डावा खांदा गळ्यापर्यंत खाल्ला गेला. गणपतदादा म्हणून आण्णांचे जोडीदार होते, त्यांची अर्धी टोपी आणि उजवा कान गेला. म्हटलं, असूदे, मांडणी पसंत पडली की भरून काढू. देवळाच्या चित्रावर सगळ्यांचे फोटो मांडले आणि रंगीत प्रूफ, म्हणजे नमुन्याची प्रत काढली.

संध्याकाळी मुकादमांचा भाचा संभा प्रूफ न्यायला आला. माझ्याच वयाचा, मार्केटात वाढलेला. बघून हसायला लागला. "अबे, मामाचा खांदा कुठाय? डायरेक आकाश दिसतंय इथून."

"भरून देतो रे. आधी मांडणी दाखव."

"बघ हां, मामाला टेन्शन येईल. म्हणेल पोती काय टकलावर घेऊ?"

हसत हसत प्रूफ घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात राडा झाला. एका नव्या गाळ्याचा माल कोणत्या टोळीनं उतरवायचा यावरून दुसऱ्या एका टोळीशी बरेच दिवस धुसफूस चालली होती. त्या दिवशी ट्रक लागला आणि सगळं फुटलं. हिंदुराव मुकादमांवर कोयत्याचा वार झाला. डावा खांदा गळ्यापासून उघडा पडला. मधे पडलेल्या गणपतदादांचा कान कुणीतरी हुकात अडकवून ओढला... तो हातात आला. आण्णा तेव्हा खाली गोडाऊनमध्ये होते म्हणून वाचले. मी कॉलेजात होतो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुपारी दुकानात बसलो होतो. नझीरभाई पत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. काचेचं दार असं उघडलं की कडी तुटून पडली. संभा आत आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. मागं गणपतदादा, डोक्याला पट्टी, उजव्या बाजूनं लाल झालेली. संभानं माझी कॉलर धरली आणि काही विचारायच्या आत माझं तोंड टेबलावर आपटलं. की-बोर्डवर. नाकातून भळभळ रक्त... कीज लाल झाल्या.

"कोणी सांगितलं तुला? बोल! कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

पुन्हा आपटलं. मग ते प्रूफ माझ्या तोंडापुढं धरलं. "हा मामाचा खांदा. जिथं तू उडवला तिथंच पडलाय वार. तिथंच! हा दादाचा कान. कालच बनवलं ना हे तू? त्या लोकांचा माणूस आहेस तू. आधी चित्र काढून दिलंस त्यांना."

मी म्हटलं, "संभा, ते टूलनं खाल्लंय. पांढऱ्यावर पांढरं होतं..."

"शिकलास म्हणून येडा बनवतो काय आम्हाला?" त्यानं पोटात गुडघा मारला. मी खाली बसलो तर गणपतदादांनी हुकाचं टोक माझ्या हनुवटीखाली लावलं आणि तसंच वर उचललं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन गणपती दाखवायला नेणारा माणूस. टोक कातड्यात रुतलं. ती खूण अजून आहे.

नझीरभाई मधे घुसले. संभानं त्यांना ढकललं, ते पत्रिकांच्या गठ्ठ्यावर पडले. पण पडल्या पडल्या ओरडले, "अरे, त्याच्या बापाचा फोटो तरी बघा त्यात! खाली, शेवटच्या ओळीत!"

त्यांना म्हणायचं होतं की ज्याचा बाप तुमच्या टोळीत, तो तुमच्याशी दगा कशाला करेल. पण गणपतदादांनी प्रूफ घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. आणि हूक खाली आला.

"संभ्या... ह्याच्या बापाचा पन हात न्हाय रं."

मी बघितलं. आण्णांच्या सदऱ्याची बाही होती. बाहीच्या पुढं काही नव्हतं. हूकही नाही, मूठही नाही. बाहीतून मागचा डोंगर दिसत होता.

मी तो फोटो जपून केला होता. शपथेवर सांगतो. तो हात गेलेला नव्हता, मी डोळ्यांनी बघून सेव्ह केला होता. आदल्या दिवशी प्रूफ बघताना माझी नजर बाकीच्यांवर होती, आण्णांकडं पुन्हा बघायची मला गरजच वाटली नव्हती.

मग संभाच म्हणाला, आवाज एकदम उतरलेला. "भर तो हात. आत्ता."

"असलं काही नसतं," मी म्हटलं. नाकातलं रक्त बाहीला पुसत म्हटलं. पण खुर्चीवर बसलो आणि माऊस धरला तर बाण पडद्यावर एका जागी थांबेना.

फोटोंच्या पाकिटातून आण्णांचा फोटो काढला. कागदावर हात व्यवस्थित होता, काळा, जाड बोटांचा, मुठीत हूक. पुन्हा स्कॅन केला. पडद्यावर हात आला. पांढऱ्यावर क्लिक केलं, टॉलरन्स जवळजवळ शून्य. डिलीट. हात गेला. अनडू केलं, आला. वॉन्ड सोडून दिली, लॅसो या रेघ ओढून कापायच्या टूलनं हाताच्या बाहेरून लांबून रेघ ओढली आणि बाहेरचं तेवढंच डिलीट केलं... पुन्हा हात गेला. बाहीत चौकटी. गणपतदादा माझ्या मागं उभे होते, त्यांचा श्वास मानेवर लागत होता.

"दुसऱ्याचा लाव," नझीरभाई म्हणाले. "कुणाचाही हात लाव, पण तिथं काहीतरी असू दे बाबा."

कुणाचा लावणार? ज्याचा लावू त्याचं काय होईल, हा विचार त्या खोलीत चौघांच्याही मनात होता. असलं काही नसतं म्हणणाऱ्याच्या मनात सगळ्यात जास्त. मी क्रोशाचं कव्हर बाजूला केलं आणि माझा उजवा हात काचेवर ठेवला. गणपतदादांनी त्यांचा हूक माझ्या मुठीत दिला. वर पांढरा कागद टाकला. स्कॅनरचा दिवा बोटांखालून सरकत गेला. ऊब लागली.

माझ्या हाताभोवतीचं पांढरं काढलं. एका क्लिकमध्ये निघालं. हात जिथल्या तिथं. उचलून आण्णांच्या बाहीत बसवला. रंग जुळत नव्हता. आण्णांचा चेहरा उन्हात भाजलेला आणि हात कॉलेजातल्या पोराचा. तसाच सेव्ह केला आणि उठलो.

"आण्णा कुठं आहेत?"

"मार्केटात. ट्रक अर्धा राहिलाय, पोलीस गेले म्हून परत कामाला लागलेत," गणपतदादा म्हणाले.

रिक्षा केली. तिघं.

मार्केटात ऊन होतं, माणसं होती, हमालीचे आवाज, जणू सकाळी काही घडलंच नव्हतं. आण्णा गाळ्याच्या तोंडाशी हळदीच्या पोत्यावर वाकलेले, डावा हात पोत्याखाली, उजवा वर पसरलेला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आमच्या मधे छातीइतकी उंच थप्पी. हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात ट्रकच्या मागून त्या दुसऱ्या टोळीचे तिघे धावत आले. पहिल्याच्या हातात कोयता होता. आण्णांना मान वर करायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं डोक्यावर नेम धरला असणार, आण्णा सरकले, आणि कोयता खाली आला तो पोत्यावर, आण्णांच्या उजव्या हातावर. मी बघितलं. हातावर पडला. पोतं फाटलं, हळद उसळली, सगळं पिवळं झालं.

आण्णा ओरडले. मीही ओरडलो, आणि मला वाटलं आण्णांसाठी ओरडतोय.

गणपतदादा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते मागं सरकले. मी खाली बघितलं. माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारची दोन बोटं नव्हती. रक्ताची धार भिंतीवर गेली होती. बोटं पायाशी पडली होती, हळदीत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. संभानं त्या कोयतेवाल्याला हूक मारून खाली पाडला. तिघांना लोकांनी धरून तुडवलं. आण्णा थप्पीवरून चढून माझ्याकडं आले, माझा हात त्यांच्या टोपीत गुंडाळला. दोन्ही हातांनी. त्यांची सगळी बोटं जागेवर होती. पांढरी टोपी बघता बघता लाल होत गेली तेवढं स्पष्ट आठवतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जड धारदार हत्याराचा वार आहे, एका घावात. पोलिसांनी विचारलं, कोणी मारलं? मी म्हटलं, कोणी नाही. हवालदार म्हणाले, "घाबरू नको, नाव सांग." नाव असतं तर सांगितलं असतं ना! माझ्या मागं भिंत. शेजारी गणपतदादा. समोर थप्पी, थप्पीपलीकडं आण्णा. कोयता एकच, आणि तो आण्णांपाशी. पातं तुटून तुकडा उडाला असेल असं मी स्वतःच पोलिसांना म्हटलं, कारण मला तसं असायला हवं होतं. त्यांनी पातं दाखवलं. अखंड होतं.

आणखी एक. ते फाटलेलं पोतं आण्णांनी नंतर मला दाखवलं. चीर सरळ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. आण्णांची बोटं जिथं होती तिथंही. म्हणजे कोयता त्यांच्या बोटांतून खाली गेल्याशिवाय तिथं चीर पडणारच नाही. मी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "लागला मला. गार लागला. पाण्यात हात घातल्यावानी. मंग बगितलं तर तू..."

मुकादम वाचले. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, एवढंच. दवाखान्यातून त्यांनी निरोप धाडला – कॅलेंडर छापा, थांबायचं न्हाई. त्यांचा खांदा भरायला आपला फोटो द्यायला अख्ख्या टोळीत कुणी तयार होईना. नझीरभाईंनी झेंडूचा हार टाकून तो भाग झाकला तर मुकादम खाटेवरून गरजले, "मी जित्ता हाय! हार कसला घालतोस?" शेवटी भैरोबाचा झेंडा तिथं आडवा फडकवला. कॅलेंडर गावात घरोघर लागलं. आण्णांना लोक विचारायचे, "दौलतराव, मुंबईचं पाणी लागलं म्हणायचं! हात लई गोरा झालाय." आण्णा नुसते तंबाखू मळत राहायचे.

आईनं एक दिवस दुकानात येऊन मिरच्यांनी कॉम्प्युटरची दृष्ट काढली. नझीरभाई टोपी सावरून बाजूला उभे राहिले. मी त्या दिवशी आईशी भांडलो नाही.

वॉन्ड पांढरं खाते, हे मी समजावून सांगू शकतो. आण्णांचा जपून केलेला हात का गेला, आणि कागदावर असलेला हात पडद्यावर का टिकेना, ते मला सांगता येत नाही. आणि माझी बोटं... त्यानंतर मी याच धंद्यात राहिलो, असंख्य माणसांचं पांढरं काढलं, टोप्या खाल्ल्या, कान खाल्ले, कुणाला ओरखडा आला नाही. कुणाकडं उत्तर असेल तर जरूर सांगा. फक्त देव-भूत सांगू नका, मी तेव्हाही मानत नव्हतो आणि आताही मानत नाही.

परीक्षा तोंडावर होती. कॉलेजात म्हणाले, लेखनिक घे, नियमात बसतं. मी नाही म्हटलं. परीक्षेच्या त्या बाकापर्यंत मी दुसऱ्याच्या हातानं आलो नव्हतो. मोरीच्या कट्ट्यावर बसून डाव्या हातानं अ आ इ पासून गिरवलं, आई बाजूला ताकात हात घालून बघत बसायची.

आण्णा रिटायर झाले तेव्हा त्यांची दहाही बोटं शाबूत होती. आणि सगळे पेपर मी डाव्या हातानं लिहिले, सेकंड क्लासमध्ये पास झालो. बी.कॉम. आमच्या घरातला पहिला.